चौक्या उठल्या, पण दर कोणी ठरवला? गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांचा जकातसंघ (१८८०–१८९२)

१/
१५ जानेवारी १८८० रोजी पोर्तुगीज गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील सीमेवरच्या जकात चौक्या उठल्या. घाटावरून गोव्यात उतरणारा तांदूळ आणि गोव्यातून बाहेर पडणारा नारळ यांना आता सीमेवर थांबण्याचे कारण उरले नाही. दोन सत्ता, दोन झेंडे, दोन भाषांतील कारभार, पण बाजार एक. युरोपात ‘समाईक बाजारपेठ’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी आपल्या कोकणकिनारी एक समाईक बाजारपेठ उभी राहिली आणि अवघ्या बारा वर्षांत मोडली. आजचा धागा तिच्याविषयी.

२/
जकात म्हटली की आम्हा किन्हवली-मुरबाडकडच्या मंडळींना नाणेघाट आठवतो. घाट चढून गेले की माथ्यावर मोठा दगडी रांजण दिसतो. व्यापारी तांड्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, अशी परंपरा आहे. जकात कोणी घेतली, किती घेतली, हे प्रश्न इतिहासाचे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याहून कमी विचारला जाणारा प्रश्न असा : दोन शेजाऱ्यांनी आपसांतली जकात उठवली, तर पुढे काय होते? विशेषतः एक शेजारी लहान आणि दुसरा अवाढव्य असेल तर? याचे उत्तर शोधण्यासाठी नाणेघाटाहून खाली दक्षिणेस, गोव्याच्या सीमेवर जावे लागते.

३/
आधी दोघांची मापे पाहू. १८८१ च्या शिरगणतीत गोव्याची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास होती. त्याच वर्षी संस्थानांसह उर्वरित हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे २५ कोटी भरली. गोव्याबरोबर पोर्तुगिजांकडे दमण, दीव आणि नगरहवेली हे तुकडे होते. या साऱ्यांना जमिनीच्या बाजूने ब्रिटिश मुलूख किंवा ब्रिटिशांच्या अंकित संस्थानांचा वेढा होता. एवढ्या विषम शेजाऱ्यांत करार व्हायचा, तर थोरल्याला त्याची गरज भासली पाहिजे. ती गरज मिठाने निर्माण केली.

४/
मिठावरील कर हा ब्रिटिश तिजोरीचा मोठा आधार होता. प्रांतोप्रांती त्याचे दर निराळे असल्यामुळे स्वस्त मीठ महाग प्रांतात शिरू नये म्हणून सरकारने देशाच्या पोटातून एक जकातरेषा ओढली होती. सिंधूच्या खोऱ्यापासून बऱ्हाणपूरमार्गे महानदीच्या दिशेने गेलेली ही रेषा १८६९ च्या सुमारास जवळजवळ २३०० मैल लांब होती. कित्येक ठिकाणी ती म्हणजे चक्क काटेरी झुडपांचे कुंपण होते. तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहारा करीत. १८७९ मध्ये सरकारने ही रेषा मोडली, कारण आता सर्वत्र सारखा दर आणायचा होता. त्याच वर्षी राजपुतान्यातील संस्थानांशी करार करून त्यांची मिठागरे नुकसानभरपाईच्या बदल्यात ताब्यात घेतली किंवा बंद केली.

५/
दर सर्वत्र सारखा करायचा, तर एकही भोक राहता कामा नये. पश्चिम किनाऱ्यावर असे भोक होते ते गोव्याचे. गोव्यात समुद्राचे पाणी आणि उन्हाळ्याचे ऊन यांवर पिकणारे मीठ स्वस्त होते. ते डोंगरवाटांनी ब्रिटिश मुलखात येई. दारूचेही तसेच. दमण सुरत जिल्ह्याला खेटून, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची उत्तर हद्दही तिथून फार दूर नव्हती. मुंबई सरकारने १८७८ चा अबकारी कायदा करून दारूवरचा कर वाढवण्याचे ठरवले, तेव्हा पलीकडे स्वस्त दारू मिळत राहिली तर कायद्याला अर्थ उरणार नव्हता. चोरटी आयात रोखण्याचे दोन मार्ग होते : सीमेवर पहारा वाढवणे, किंवा सीमेपलीकडचा दर आपल्याइतका करून घेणे. ब्रिटिशांनी दुसरा निवडला.

६/
पोर्तुगिजांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सोळाव्या शतकातले वैभव केव्हाच सरले होते आणि तिजोरी रिकामी होती. हाताशी मुरगावचे उत्तम नैसर्गिक बंदर होते, पण बंदराला पाठीमागचा मुलूख नव्हता. धारवाड-बेळगावकडचा कापूस मुरगावात यायचा, तर सह्याद्री ओलांडणारी आगगाडी हवी आणि ती ब्रिटिश मुलखातील आगगाडीला जोडलेली हवी. म्हणजे ब्रिटिशांची संमती हवी. आपल्या वसाहती जागतिक व्यापाराला जोडल्या नाहीत तर त्या केवळ ओझे होऊन राहतील, असे मानणारा एक वर्ग लिस्बनमध्ये होता. परराष्ट्रमंत्री आंद्रादे कोर्व्हू हे त्या विचाराचे.

७/
२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे कोर्व्हू आणि ब्रिटिश वकील रॉबर्ट मोरियर यांनी करारावर सह्या केल्या. मुदत १२ वर्षे. मुख्य कलमे थोडक्यात अशी :
– दोन्ही मुलखांमधील सीमेवरची जकात रद्द.
– बाहेरून येणाऱ्या मालावर दोन्हीकडे सारखेच दर.
– गोव्यातील मीठउत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण. बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये.
– गोव्यात ब्रिटिश धर्तीची अबकारी पद्धत.
– मुरगाव बंदर आणि तिथून ब्रिटिश हद्दीपर्यंत आगगाडी.

८/
कागदावर पाहता हा करार वाईट नव्हता, हे मान्य केले पाहिजे. नारळाला मोठी बाजारपेठ खुली झाली. गोव्याला धान्य नेहमीच बाहेरून आणावे लागे. ते आता विनाजकात येऊ लागले. सीमेवरच्या शिपायांची अरेरावी आणि प्रत्येक नाक्यावरचा खोळंबा संपला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हे पुढचे पाऊल होते. म्हणूनच या कराराला केवळ ‘ब्रिटिशांनी लादलेला अन्याय’ म्हणून निकालात काढणे मला अपुरे वाटते. बाजार खुला होणे ही गोष्ट मुळात चांगलीच होती. घोटाळा झाला तो दुसऱ्या कलमात दडलेल्या दोन शब्दांनी : ‘सारखेच दर’.

९/
सारखा दर म्हणजे कोणाचा दर? साडेचार लाखांचा गोवा आणि कोट्यवधींचे ब्रिटिश राज्य यांनी दर सारखा करायचा ठरवला, तर दोघे मध्यावर भेटत नाहीत; लहानाला थोरल्याकडे चालत जावे लागते. ब्रिटिशांनी १८८२ मध्ये मिठावरचा कर दर मणाला २ रुपये केला आणि १८८८ मध्ये तो पुन्हा अडीच रुपयांवर नेला. हे आकडे ठरत होते ते साम्राज्याच्या अंदाजपत्रकाच्या गरजेनुसार. रुपयाची घसरण, सरहद्दीवरील लष्करी खर्च हे प्रश्न कलकत्त्याचे होते. बोजा मात्र मांडवीच्या काठावरच्या मिठागरांपर्यंत येऊन पोहोचत होता.

१०/
मिठागर हा गोव्याच्या खाजणभागातला जुना उद्योग. भरतीचे पाणी आत घ्यायचे, बांध राखायचे, एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी खेळवायचे आणि मिठाचा थर धरला की फळीने ओढायचा, हे कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पेडण्यातील आगरवाडो या गावाच्या नावातच आगर आहे. करारानंतर मीठ हे सरकारी देखरेखीखालचे पीक बनले. परवाना, मोजमाप, पहारा आणि कर या चौकटीत लहान मिठागरवाला टिकणे कठीण झाले. शेजारच्या मुलखात आपसूक जाणारे मीठ आता थांबले. गोव्याच्या घरातील मीठही महागले. जिथे समुद्र दारात आहे, तिथल्या माणसाला मीठ महाग मिळावे, ही या एकीकरणाची पहिली खूण होती.

११/
दुसरा फटका बसला तो माडावर चढणाऱ्या रेंदेरांना. माडाची सूर काढणे, तिच्यापासून गूळ, शिर्का आणि दारू करणे हा त्यांचा धंदा. अबकारी पद्धतीत सूर काढण्यासाठी परवाना लागे आणि कर भरावा लागे. तोही हंगाम बरा गेला की वाईट, हे न पाहता. ब्रिटिश मुलखात ठाणे-वसईकडच्या भंडाऱ्यांनी याच पद्धतीचा चटका सोसला होता. करारामुळे तोच चटका सीमा ओलांडून गोव्यात गेला. माल मोकळा झाला आणि त्याच्याबरोबर करपद्धतीही मोकळेपणाने हिंडू लागली.

१२/
‘पण भरपाई मिळत होती की!’ असे कोणी म्हणेल. हिशेब करू. वर्षाला ४ लाख रुपये, लोकसंख्या साडेचार लाख; म्हणजे माणशी एक रुपयाही नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही रक्कम मिठागरवाल्याला मिळत नव्हती, सरकारला मिळत होती. सरकारचे लक्ष लागले होते आगगाडीकडे, आणि तिच्या भांडवलावर हमी दिलेले व्याज भरण्यासाठी या ठरीव रकमेचा आधार होता. नुकसान एकाचे आणि भरपाई दुसऱ्याला, हा प्रकार पुढच्या काळातील अनेक प्रकल्पांत आपण पाहिला आहे. शहापूर तालुक्यातल्या माणसाला हे वाक्य अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. इथल्या धरणांचे पाणी मुंबईला जाते.

१३/
१८८२ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने मीठ, मद्य अशा मोजक्या वस्तू वगळता बहुतेक साऱ्या मालावरची आयात जकात काढून टाकली. कापडावरची जकात रद्द व्हावी यासाठी लँकशायरच्या गिरणीमालकांनी दीर्घकाळ दबाव आणला होता. ‘सारखेच दर’ या तत्त्वामुळे या निर्णयाची सावली गोव्यावरही पडणार होती. एखाद्या लहान सरकारला बंदरावरची जकात हे हुकमी उत्पन्न असते. ते किती असावे याचा निकाल आता मँचेस्टर, लंडन आणि कलकत्ता या त्रिकोणात लागत होता. पणजी त्या त्रिकोणात कुठेच नव्हती.

१४/
आगगाडी मात्र आली. मुरगावपासून ब्रिटिश हद्दीपर्यंतचा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण होऊन कॅसलरॉकपाशी सदर्न मराठा रेल्वेच्या जाळ्याला जोडला गेला. दूधसागरच्या धबधब्यासमोरून आपण आज ज्या मार्गाने जातो, तो हाच. परंतु घाटातले बांधकाम फार खर्चाचे ठरले, आणि अपेक्षेइतका कापूस मुरगावकडे वळला नाही. त्याला मुंबईचे जुने आणि मोठे बंदर होतेच. जकातसंघाची बारा वर्षे संपत आली तेव्हा आगगाडी पुरी धावू लागून जेमतेम चार वर्षे झाली होती. झळ आधी लागली, लाभ उशिरा आणि थोडा मिळाला.

१५/
नुकसान केवळ गोव्याचे झाले असेही नाही. सीमेच्या अलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील वेंगुर्ले हे बेळगावच्या व्यापाराचे भरभराटीचे बंदर होते. आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांचे तांडे उतरत आणि वेंगुर्ल्याहून माल गलबतांवर चढे. आगगाडी आली, घाटावरचा माल रुळांवर गेला आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरू लागले. जकातसंघाचा नकाशा राजधानीत बसून आखला जातो. त्यात सीमेवरची बंदरे, बाजारपेठा आणि गाडीवान क्वचितच दिसतात.

१६/
जानेवारी १८९२ मध्ये मुदत संपली आणि कराराचे नूतनीकरण झाले नाही. दरम्यान जानेवारी १८९० मध्ये आफ्रिकेतील मुलखावरून ब्रिटनने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला होता, त्यामुळे लिस्बनमध्ये ब्रिटिशांविषयी कडवटपणा शिगेला पोहोचला होता. सीमेवर जकात चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या. पण घड्याळाचे काटे मागे फिरवले म्हणून गेलेला काळ परत येत नाही. बंद पडलेली मिठागरे आपोआप सुरू होत नाहीत आणि तुटलेली गिऱ्हाइके परतत नाहीत. अबकारी करपद्धती मात्र गोव्यात राहिली. सरकारे चौक्या उठवतात, कर सहसा उठवत नाहीत.

१७/
आणखी एक गोष्ट परत आली नाही : माणसे. गोव्यातून मुंबईकडे स्थलांतर या कराराच्या आधीपासून चालू होते. कराराने आणि पुढे आगगाडीने त्याला वेग दिला. मुंबईत धोबीतलाव-माझगाव भागांत गावागावांच्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या. जहाजावर जाणारा खलाशी, साहेबाच्या बंगल्यातला खानसामा, वाद्यवृंदातला वादक हे तिथे एका पेटीपुरत्या जागेत राहत. मोकळ्या बाजारपेठेत गोव्याने नारळ पाठवला, आणि सर्वांत टिकाऊ निर्यात म्हणून स्वतःची तरुण मुले पाठवली.

१८/
आता आपल्या भागाकडे येऊ. १८७८ च्या ज्या अबकारी कायद्याशी गोव्याला जुळवून घ्यावे लागले, तोच कायदा शहापूर-मुरबाडच्या रानांतही लागू झाला. इथे दारू मोहाच्या फुलांची. पण मोह म्हणजे केवळ दारू नव्हे : चैत्रात वेचलेली, वाळवलेली फुले ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबांना टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देत, बियांचे तेल दिव्यात आणि जेवणात जाई. १८९२ मध्ये, म्हणजे गोव्याचा करार संपला त्याच वर्षी, मुंबई सरकारने मोहाविषयी स्वतंत्र कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर निर्बंध आणले. इथे तर झाडाखाली पडलेले अन्नच गुन्ह्याच्या कक्षेत आले.

१९/
तुलना लक्षात घ्या. गोव्याकडे निदान करार होता, त्याला मुदत होती, ४ लाखांची भरपाई होती आणि बारा वर्षांनी ‘नको’ म्हणण्याची सोय होती. किन्हवलीच्या रानातील कातकऱ्याकडे यातले काहीच नव्हते. सीमेच्या आत राहणाऱ्यांचे एकीकरण कोणाला न विचारता होते, म्हणून त्याला कोणी ‘एकीकरण’ म्हणतही नाही. शेजारी राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्याचा इतिहास वाचताना या दुसऱ्या, निनावी सीमांकडेही पाहिले पाहिजे.

२०/
मग लहान शेजाऱ्याने थोरल्याशी बाजार जोडूच नये काय? इतिहास तसे सांगत नाही. १ जानेवारी १८३४ रोजी प्रशियाच्या पुढाकाराने जर्मन राज्यांचा जकातसंघ, ‘त्सोलफेराइन’, सुरू झाला. प्रशिया बाकी सदस्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. तरीही जकातीचे उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जाई आणि संघाच्या परिषदेत निर्णयाला सर्वांची संमती लागे. म्हणजे चिमुकल्या राज्यालाही नकाराधिकार होता. १८४२ मध्ये लक्झेंबर्ग त्यात आले आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत टिकून राहिले. प्रशियाचा हेतू राजकीय होता हे खरेच, पण लहानांना आत ठेवायचे तर त्यांना मत आणि वाटा द्यावा लागतो, हे त्याने ओळखले होते.

२१/
उलट उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. १९१० च्या करारात दक्षिण आफ्रिका आणि शेजारचे तीन ब्रिटिश संरक्षित प्रदेश (आजचे लेसोथो, बोत्स्वाना, एस्वातिनी) एका जकातसंघात आले. उत्पन्नातील ९८.७ टक्के वाटा दक्षिण आफ्रिकेचा, उरलेल्या १.३ टक्क्यात बाकीचे तिघे. दर प्रिटोरियात ठरत. हे प्रदेश स्वतंत्र झाल्यावर १९६९ मध्ये वाटणीचे सूत्र बदलले, आणि दर ठरवण्यात सर्व सदस्यांचा सहभाग असावा हे तत्त्व तर २००२ च्या करारात मान्य झाले. पैशाचा वाटा मिळायला जवळजवळ साठ वर्षे लागली. शब्दाचा वाटा मिळायला नव्वदहून अधिक.

२२/
आणि आज? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. मुलुंडच्या नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा ठाणेकरांना आठवत असतील. या व्यवस्थेत करदर सुचवणाऱ्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश. त्यात प्रत्येक राज्याचे मत सारखे : जेवढे उत्तर प्रदेशाचे, तेवढेच गोव्याचे. निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते, त्यामुळे केंद्राला डावलून काही होत नाही आणि एकटे लहान राज्य काही अडवू शकत नाही, ही मर्यादा आहेच. तरीही १८८० मध्ये पणजीला जी खुर्ची नव्हती, ती आज आहे.

२३/
१८७८ च्या करारातील दोन वस्तूंचे पुढे काय झाले, तेही पाहा. मिठावर आज वस्तू व सेवा कर शून्य आहे. पिण्याची दारू या करातून वगळून राज्यांकडे ठेवली आहे. त्यामुळे गोव्यातील दर वेगळा, महाराष्ट्रातील वेगळा, आणि सिंधुदुर्गात इन्सुलीच्या नाक्यावर गाड्यांची तपासणी अजून चालू. मोहफुलांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने उठवले ते २०२१ मध्ये. १८९२ पासून मोजले तर १२९ वर्षे होतात.

२४/
पुढचा धागा त्या १८९२ च्या मोहकायद्यावर. शहापूर, मुरबाड, जव्हार, कर्जत भागांतील वाचकांना एक विनंती : घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून मोहाची फुले, झडत्या, दंड यांविषयी काही ऐकले असेल तर कळवा. लिस्बनच्या कराराची कलमे दप्तरात सुरक्षित आहेत. रानातल्या आठवणींना दप्तर नाही.